टिमोथी न मागवता ससा पोसायचा तर : आपल्याकडचं गवत, पाला आणि मापं

गोदाकाठ

सशांच्या खाण्याबद्दल कुठेही विचारलं की उत्तर ठरलेलं, 'टिमोथी घास मागवा'. टिमोथी हे थंड हवेतलं गवत. आपल्याकडे ते पाकिटातून येतं आणि वजनाच्या मानाने फार महाग पडतं. सशाच्या पोटाला त्या नावाशी काही देणंघेणं नाही. त्याला लांब धाग्याचं, कमी प्रथिनांचं, कमी कॅल्शियमचं वाळलं गवत हवं असतं, आणि ते आपल्या मराठवाड्यातल्या बालाघाटच्या डोंगरात, गायरानावर, बांधाला पावसाळा सरता सरता भाऱ्याने मिळतं. कोणतं गवत, कसं वाळवायचं, वर हिरवा पाला किती, एवढंच या चर्चेच्या धाग्यात ठेवू. पिंजरे आणि जाती यांचे धागे वेगळे आहेत.

आधी हिशेब. मोठा ससा दिवसाला आपल्या वजनाच्या ४ ते ५ टक्के कोरडा चारा खातो. म्हणजे २ किलोच्या सशाला ८० ते १०० ग्रॅम. पण तो निवडून खातो, तुडवतो, त्यावरच मुततो. त्यामुळे समोर १५० ग्रॅम तरी पडायला हवं. महिन्याला साडेचार किलो, वर्षाला ५५ किलोच्या आत. हिरव्या गवतात तीन चतुर्थांश पाणी असतं. १० किलो कापलं की वाळून पावणेतीन किलो उरतं. म्हणजे वर्षाची बेगमी करायची तर एका सशामागे साधारण २०० किलो हिरवं गवत कापावं लागतं. घरात दोन ससे असतील तर जागेचा विचार आधी करा.

गवतात माझी पसंती मारवेलला. काडी बारीक, पान मऊ, वाळल्यावरही हिरवट राहतं. त्याखालोखाल पवना. अंजन गवत चालतं. हरळी उत्तम, पण तिचा भारा जमवणं जिकिरीचं, म्हणून ती ताजी द्यायला बरी. गव्हाचं काड खायला नाही, अंथरायला ठेवा. खाल्लं तरी बिघडत नाही, पण त्यात सत्त्व नाही. सोयाबीनचं गुळी-भुसकट आपल्याकडे ढिगाने असतं, ते मात्र नको. बारीक, धुळकट, आणि मळणीत बुरशी आलेली हमखास.

कडबाकुट्टी

कापणीची वेळ राहिली. गवत निसवायला लागलं, म्हणजे तुरे बाहेर पडून फुलोरा सुरू झाला की कापायचं. त्याआधी कोवळं असताना कापलं तर पाणी जास्त आणि धागा कमी. बी भरेपर्यंत थांबलात तर काडी लाकडासारखी होते आणि ससा पानं खाऊन काड्या सोडतो.

आणि कुसळी गवत! डोंगराच्या उतारावर मारवेल-पवन्यात ते मिसळलेलंच असतं. कुसळं धरायच्या आत कापलं तर ठीक. एकदा काळी कुसळं आली की तो भारा सशासाठी घेऊच नका. कुसळाला उलटे केस असतात, ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. हिरडीत, जिभेखाली, डोळ्यात किंवा बोटांच्या मध्ये घुसतं. लाळ गळतेय, हनुवटी ओली आहे, एक डोळा मिटलाय असं दिसलं तर आधी कुसळ शोधायचं.

वाळवणं : दव उतरल्यावर, दहा-अकराच्या सुमारास कापा. वीतभराहून जाड थर नको. दुपारी एकदा आणि चारच्या आसपास एकदा उलटा. ऑक्टोबरच्या उन्हात एक ते दोन दिवस पुरतात. पुढचं वाळणं सावलीत, वारं लागेल अशा जागी. उन्हात चार-चार दिवस पडलं की पिवळं पडतं, वास जातो आणि पानं झडतात. सशाला तर पानंच हवी असतात. रात्री उघड्यावर राहिलं तर दव बसतं, म्हणून संध्याकाळी ढीग करून झाका, सकाळी पुन्हा पसरा.

सिंदफणा

वाळलं की नाही हे कसं ओळखायचं? हाताला कोरडं लागतं आणि पोत्यात भरल्यावर आठ दिवसांनी आतून गरम निघतं, ही तक्रार नेहमीची.

कडबाकुट्टी

पान लवकर वाळतं, पेर नाही. हाताला पान लागतं म्हणून फसगत होते. जाड काडी पेरापाशी पिळा. कटकन मोडली तर वाळलं. वळली आणि नखाला ओल लागली तर अजून एक दिवस.

शंका असेल तर मिठाची परीक्षा. कोरडी काचेची बरणी घ्या, त्यात ढिगाच्या मधलं गवत कात्रीने बारीक करून अर्ध्यापर्यंत भरा, चमचाभर कोरडं मीठ टाका, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ सुटं राहिलं तर ओल १५ टक्क्यांच्या खाली, भरायला हरकत नाही. मिठाच्या गाठी झाल्या तर पुन्हा पसरा. पावसाळी हवेत मिठालाच पाणी सुटतं, म्हणून मीठ आधी तव्यावर गरम करून गार करा.

भरताना तागाचं बारदान किंवा सुती चादर. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलं तर उरलीसुरली ओल आतच कोंडते. पोती जमिनीला आणि भिंतीला टेकवू नका, खाली फळ्या किंवा विटा. उंदराच्या मुताचा वास आलेलं पोतं सरळ टाका. झटकल्यावर राखाडी धूळ उडाली किंवा कुबट वास आला तर तेही. वरची बुरशी काढून खालचं देण्याचा मोह होतो, पण बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या कितीतरी आत गेलेले असतात.

मांजराकाठ

शाळूचा (रब्बी ज्वारीचा) कडबा घरचाच असतो. परभणी मोती, मालदांडी, जे असेल ते. तो चालेल का, आणि कुट्टी, म्हणजे बारीक तुकडे, करून दिली तर?

कडबाकुट्टी

नाव माझं कडबाकुट्टी असलं तरी सशाला कुट्टी देऊ नका. सशाच्या दाढा वर-खाली चावत नाहीत, बाजूला घासतात. दात जन्मभर वाढतात. पुढचे तर आठवड्याला २-३ मिलिमीटर. लांब काडी घासून घासूनच ते झिजतात. एक-दोन सेंटिमीटरचे तुकडे न घासताच गिळले जातात. शिवाय कुट्टीची धूळ नाकात जाते.

कडब्याचं पान चालेल, गवतात मिसळून, तिसऱ्या हिश्शापर्यंत. धांडा तो खाणार नाही, कुरतडायला एखादा टाका. पूर्ण पोटभर कडब्यावर ठेवू नका, प्रथिनं फारच कमी पडतात.

हिरव्या ज्वारीचा मात्र विषय वेगळा. कोवळी ज्वारी, कापणीनंतर खोडाला आलेले फुटवे, पाण्याचा ताण पडलेली ज्वारी, हे देऊच नका. जनावराला किराळ लागते (विषबाधा होते) ती यानेच. त्यातल्या धुरिन नावाच्या घटकापासून पोटात हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. गाय-म्हैस तडफडते तिथे दोन किलोच्या जिवाचं काय! नीट वाळल्यावर हे आम्ल बरंच उडून जातं, म्हणून पक्व कडब्याला भीती नाही.

लांबकान्या

लसूण घासाचं कोणी काही बोललं नाही. नावात लसूण आहे म्हणून काही जण घाबरून देतच नाहीत, आणि दुसरे सकाळ-संध्याकाळ तेच देतात. दोघंही चुकतात.

गुरांचा_डॉक्टर

लसूण घास म्हणजे ल्युसर्न. खायच्या लसणाशी त्याचा संबंध नाही. खायचा लसूण आणि कांदा, पातीसकट, सशाला विषारीच. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ल्युसर्न विषारी नाही, पण ते द्विदल आहे. प्रथिनं १७-२० टक्के, कॅल्शियम सव्वा ते दीड टक्का. साध्या गवतात कॅल्शियम साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकं.

आता सशाची गंमत अशी, की इतर जनावरं गरजेपुरतं कॅल्शियम आतड्यातून शोषतात आणि उरलेलं शेणावाटे टाकतात. ससा मात्र जेवढं मिळेल तेवढं शोषतो आणि जास्तीचं मूत्रपिंडावाटे काढतो. म्हणून त्याचं मूत्र थोडं गढूळ असणं स्वाभाविक आहे. पण ते चुन्याच्या निवळीऐवजी चुन्याच्या गाळासारखं घट्ट यायला लागलं, वाळल्यावर पांढरी रेतीसारखी पूड राहिली, तर मूत्राशयात गाळ साठतोय असं समजा. पाणी कमी पिणाऱ्या सशात हे लवकर होतं.

त्यामुळे : सहा महिन्यांच्या आतली पिल्लं, गाभण आणि दूध पाजणारी मादी यांना लसूण घास द्या, गवताच्या बरोबरीने दिला तरी चालतो. सहाव्या महिन्यापासून तीन-चार आठवड्यांत हळूहळू बंद. मोठ्याला आठवड्यातून एखाद्या वेळी चिमूटभर, तेही आवड म्हणून. शेवग्याचा पाला आणि तुतीचा पाला याच वर्गातले, प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही जास्त. मोठ्या सशाला आठवड्यातून दोनदा, चार-पाच पानांच्या वर नको.

जाता जाता : मूत्र केशरी किंवा विटकरी दिसलं की लोक रक्त समजून घाबरतात. बऱ्याचदा तो पाल्यातल्या रंगद्रव्याचा परिणाम असतो आणि दोन दिवसांत जातो. सगळं मूत्र एकसारखं रंगीत असेल तर वाट पाहा. मध्येच लाल ठिपके किंवा गुठळी दिसली, किंवा मुतताना ससा ताठरतोय असं वाटलं, तर दाखवा.

सिंदफणा

तुती घ्यायची असेल तर रेशीमवाल्यांकडून फांदीच मागा. बीड-जालन्याकडे तुती भरपूर आहे. पण किड्यांच्या रॅकवरून काढलेला उष्टा पाला घेऊ नका. त्यावर चुना आणि निर्जंतुकीकरणाची पावडर पडलेली असते. पानं काढल्यावर उरलेली फांदी कुरतडायला उत्तम. पेरूचीही चालते.

लांबकान्या

आता रोजचा पाला. मोठ्या सशाला वजनाच्या ८ ते १० टक्के, म्हणजे २ किलोला १६० ते २०० ग्रॅम, दोन वेळा मिळून. एकाच भाजीचा नको, तीन प्रकार एकत्र.

रोज चालणारे : कोथिंबीर, पुदिना, शेपू, मुळ्याचा पाला, कोवळी करडई, पाथरी, ताजी हरळी. मेथी दोन दिवसांआड. गाजराचा पाला गाजरापेक्षा कधीही चांगला. गाजर म्हणजे सशाची जिलेबी : बोटाच्या पेराएवढा तुकडा, तोही रोज नाही. फळांचंही तेच.

हात राखून : पालक, चुका, राजगिरा, तांदुळजा, अंबाडी, घोळ. या सगळ्यांत ऑक्झॅलिक आम्ल जास्त. एका दिवशी यातली एकच, मूठभर पाल्यात दोन-चार पानं. घोळ तर पावसाळ्यात रानभर फुकट असते म्हणून टोपलीभर दिली जाते, ती सवय मोडा. कोबी आणि फ्लॉवरचा पाला अर्ध्या पानापासून सुरू करा; काहींना गॅस होतो, काहींना काहीच होत नाही.

करडई थोडी जून झाली की पानाच्या कडेला काटे येतात. त्याआधीचीच घ्या.

नवीन भाजी एका वेळी एकच. पहिल्या दिवशी एक पान, मग २४ तास लेंड्या पाहा. घट्ट, गोल, फोडल्यावर आत गवताचा भुगा दिसेल अशा आल्या तर दुसऱ्या दिवशी तीन पानं. आठवड्याने पूर्ण माप.

मांजराकाठ

पाला धुऊन ओला दिला की हगवण लागते, असं सगळीकडे ऐकायला येतं.

लांबकान्या

ओल्यामुळे नाही, गरम झालेल्यामुळे. ओली जुडी पिशवीत बांधून ठेवली की दोन तासांत आतून तापते, आंबते, आणि नायट्रेटचं नायट्राइट व्हायला लागतं. धुऊन, झटकून लगेच द्या, काही होत नाही. लॉन कापायच्या यंत्रातून निघालेला गवताचा चुरा याच कारणासाठी कधीही नको.

मात्र पहिल्या पावसानंतरचा लुसलुशीत चारा एकदम पोटभर दिला तर हगवण लागणारच. शेळ्यांचंही तेच होतं. आठ दिवस वाळल्या गवताच्या जोडीने, थोडा थोडा वाढवत न्या.

गोदाकाठ

पिल्लांबद्दल माझं मत : बारा आठवड्यांपर्यंत हिरवा पाला नको, फक्त गवत, लसूण घास, सशाच्या तयार खाद्याच्या थोड्या गोळ्या (पेलेट) आणि पाणी. बाजारात चार-पाच आठवड्यांची पिल्लं विकतात, खरं तर आठ आठवडे आईजवळ हवीत. अशा पिल्लाच्या आतड्यातले जंतू अजून बसलेले नसतात. त्यात कोथिंबिरीची जुडी टाकली की दोन दिवसांत खेळ खलास.

गुरांचा_डॉक्टर

बारा आठवड्यांचा नियम सरसकट लावायला मी तयार नाही. आई हिरवं खात असेल आणि पिल्लू तिच्याजवळच राहून तिच्या तोंडातलं ओढत असेल, तर आधी सुरू केलं तरी निभतं. पण बाजारातून आणलेल्या, काय खात होतं ते ठाऊक नसलेल्या पिल्लाला तुमचाच नियम लावा.

गोदाकाठ

मान्य. इथे विचारणारे बहुतेक बाजारातूनच आणतात, म्हणून तसं लिहिलं.

सिंदफणा

आणखी एक फसवं नाव राहिलं : गाजरगवत. पाला गाजरासारखा दिसतो, नावात गाजर आहे, आणि 'सशाला चालेल' म्हणून पोरं उपटून आणतात. ते विषारी तण आहे, हातालाही खाज सुटते. भाऱ्यात एक रोप आलं तरी वेचून काढा. बाकी टाळायची यादी : रुई, कण्हेर, धोतरा, एरंड, घाणेरी, टोमॅटो आणि बटाट्याचा पाला. सुबाभूळ शेळ्या खातात, पण तिच्यातल्या मिमोसिनने सशाचे केस गळतात.

गणपतीत दूर्वा स्वस्त मिळतात, त्या ताज्या आणून जरूर द्या. वाहिलेल्या देऊ नका. त्यात गुलाल, कुंकू, उदबत्तीची राख असते आणि निर्माल्यात कण्हेरीचं फूल तर असतंच असतं.

कडबाकुट्टी

विषारी रोपांपेक्षा मला फवारणीची भीती जास्त वाटते. जुलै ते ऑक्टोबर कापूस आणि सोयाबीनच्या बांधावरचं गवत हिरवंगार दिसतं, पण कीटकनाशकाचा शिंतोडा तिथे बसलेलाच असतो. आणि बांधावरच तणनाशक मारलं असेल तर पहिले काही दिवस गवत जसंच्या तसं हिरवं राहतं, पिवळं नंतर पडतं. पाहून कळत नाही. शेतमालकाला विचारल्याशिवाय विळा लावू नका. त्यापेक्षा गायरान किंवा डोंगर बरा. रस्त्याकडेचं, नालीकाठचं, कुत्री हिंडतात तिथलंही नको.

मांजराकाठ

एप्रिल-मेमध्ये कसं करायचं? मेथी-कोथिंबीर कडाडते, ४२ अंशांत आणलेला पाला तासाभरात मान टाकतो, आणि ससा गवताकडे पाहतही नाही.

गुरांचा_डॉक्टर

पाला नसला तरी ससा जगतो. गवत आणि पाणी नसेल तर नाही. हे एकदा डोक्यात पक्कं करा, मग उन्हाळा सोपा जातो.

सशाला २८-३० अंशांच्या वर त्रास सुरू होतो. घाम त्याला येत नाही, उष्णता कानांतून टाकतो. तापला की पहिलं काय सोडतो, तर गवत. गवत थांबलं की आतडी मंदावतात. म्हणून दुपारी खायला घालण्याचा आग्रह नको, जागा गार करा : घरातली सर्वांत थंड फरशी, खिडकीला ओलं पोतं, मातीचा माठ आडवा करून बसायला, बाटलीत गोठवलेलं पाणी कापडात गुंडाळून शेजारी. अंगावर बर्फाचं पाणी ओतू नका, कान ओल्या फडक्याने पुसा.

पाणी दिवसाला किलोमागे १०० मिलि धरा, उन्हाळ्यात त्याहून जास्त. नळीच्या बाटलीपेक्षा जड मातीच्या वाडग्यातून ससा जास्त पितो. पाला महाग असेल तर थोडी कोथिंबीर बारीक चिरून वाळल्या गवतात मिसळा आणि वर पाण्याचा हबका मारा. मात्र शिंपडलेलं गवत दोन-तीन तासांत उचला.

लांबकान्या

पाल्याच्या तुटवड्यात लोक मग भिजवलेला हरभरा, पोळी, भाकरीचा तुकडा, बिस्किट सुरू करतात. त्यातलं पिष्ट (स्टार्च) आतड्यातून पुढे सरकून आंधळ्या आतड्यात (लहान आणि मोठ्या आतड्याच्या जोडावरच्या पिशवीत) आंबतं आणि तिथले जंतू बिघडतात. त्याची खूण : रात्रीच्या मऊ, द्राक्षाच्या घोसासारख्या काळपट लेंड्या. त्या ससा थेट गुदापासून खातो, तुम्हाला दिसायलाच नकोत. सकाळी त्या चिकटलेल्या किंवा पसरलेल्या दिसल्या तर गोळ्या आणि गोड कमी करा, गवत वाढवा.

गोळ्या किलोमागे दिवसाला २५ ग्रॅम, त्याहून जास्त नाही. तंतू १८ टक्क्यांच्या वर असलेल्याच घ्या. मका-सूर्यफूल मिसळलेलं रंगीत मिश्रण नको, ससा त्यातलं गोड तेवढं वेचतो.

गुरांचा_डॉक्टर

आणि कोंबडी खाद्य तर अजिबात नको. त्यात कॉक्सिडिया (आतड्यातले परजीवी) रोखायला सॅलिनोमायसिन किंवा नारासिन घातलेलं असू शकतं, कोंबडीला चालतं, सशाला मारक. सरकी पेंडही नको, त्यातल्या गॉसिपॉल या विषारी घटकामुळे.

शेवटी धोक्याची खूण. दहा-बारा तास खाणं नाही आणि लेंडी नाही, तर उद्यापर्यंत थांबायचं नाही. ससा कोपऱ्यात गोळा होऊन बसतो, दात करकरवतो, पोट एक तर पिठाच्या गोळ्यासारखं लागतं किंवा ढोलासारखं ताणलेलं. ताणलेलं असेल तर तोंडात काहीही भरवू नका. सशाला उलटी होत नाही, भरवलेलं आतच दाब वाढवतं. शेळीसाठी आणलेलं अमॉक्सिसिलीन किंवा तसलं प्रतिजैविक तोंडाने पाजू नका, आतड्यातले उपयोगी जंतू मरून ससा त्यातच जातो. जवळच्या दवाखान्यात सशाचा अनुभव नसेल तर परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करा. निघताना शेवटच्या लेंड्या कागदात बांधून घ्या आणि शेवटचं काय खाल्लं ते लिहून न्या.

मांजराकाठ

गवत ठेवायचं कुठे? जाळीच्या टोपलीत ठेवलं तर ओढून खाली पाडतो, खाली ठेवलं तर मुततो.

गोदाकाठ

ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, त्यामुळे दोन्ही एकाच जागी करा. मोठा पसरट टब, खाली कागद, त्यावर गव्हाचं काड, आणि एका टोकाला ४-५ सेंटिमीटरच्या आडव्या फटींची लाकडी गव्हाणी, सशाच्या तोंडाच्या उंचीला. सुतळीची जाळी नको, पाय किंवा मुंडी अडकते. ससा दिवसा पेंगतो आणि दिवेलागण ते पहाट चरतो, म्हणून मोठा भारा संध्याकाळी टाका, सकाळी थोडाच. सकाळी उरलेलं कोरडं गवत झटकून, उलटंपालटं करून पुन्हा वर ठेवलं तर त्यातलं निम्मं तो नवीन समजून खातो. ओलं झालेलं तेवढं शेणखताच्या खड्ड्यात.